रामकुंडापासून शरणपूरपर्यंत : पापविजयाच्या एका कल्पनेचा मराठी प्रवास

नाशिक क्षेत्री ‘पाप’ हा शब्द नदीइतकाच जुना आहे. किंबहुना नदीचा जन्मच त्या शब्दातून झाला अशी तेथील कथा आहे. गौतम ऋषींच्या शेतात एक गाय शिरली, ऋषींनी तिला हाकलण्यासाठी दर्भाची काडी उगारली आणि ती गाय गतप्राण झाली. या गोहत्येचे क्षालन व्हावे म्हणून त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून गंगा खाली आणली, तीच गौतमी अथवा गोदावरी. या कथेतील एक बारकावा आपण सहसा ध्यानात घेत नाही. गौतमांच्या मनात हत्येचा हेतू नव्हता, शिवाय ती गाय हा इतर ऋषींनी रचलेला कपटाचा डाव होता, असेही कथा सांगते. तरीही पाप लागले ते लागलेच. येथे पाप ही करणाऱ्याच्या इच्छेवर न थांबणारी, स्पर्शाने चिकटणारी आणि म्हणून पाण्याने धुता येणारी वस्तू आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थात कुशावर्तावर आणि रामकुंडावर लोटणारा जनसमुदाय याच कल्पनेच्या आधाराने येतो. वर्षाचे बाराही महिने तेथे अस्थी विसर्जित होतात, दशक्रिया होतात, पिंड दिले जातात. म्हणजे रामकुंड जसे जिवंत माणसांचे तीर्थ आहे, तसे मृतांचेही आहे.

त्याच शहरात शरणपूर नावाचा भाग आहे. आजच्या नाशिककराला ‘शरणपूर रोड’ म्हटले की दुकाने, दवाखाने आणि वाहतूक आठवते; त्या नावात ‘शरण’ का आले, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येत असेल. रामकुंडापासून हे ठिकाण फार दूर नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात ज्या मोजक्या माणसांनी हे अंतर काटले, त्यांना ते आयुष्यभर पुरले. पाप धुऊन निघत नाही, ते जिंकावे लागते, हा विजयही माणसाच्या पुण्याईने मिळत नसून ईश्वराच्या प्रेमाने मिळतो, ही ख्रिस्ती श्रद्धा मराठीत कशी उतरली आणि उतरताना तिला कोणते प्रश्न पडले, याचा मागोवा आम्ही येथे घेऊ इच्छितो. आम्ही धर्मप्रचारक नाही आणि धर्मखंडकही नाही. एका कल्पनेने आपल्या भाषेत घर कसे केले, एवढेच पाहण्याचा हेतू आहे.

चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकचे ठाणे 1832 मध्ये सुरू केले. पुढे 1850 च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभारली. तेथे अनाथ मुले होती, सुतारकाम-लोहारकामाच्या शाळा होत्या, आणि जी गोष्ट आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे ती म्हणजे आफ्रिकन मुलामुलींचा आश्रम होता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबते इंग्रजी आरमार अडवीत असे आणि सुटका झालेल्यांपैकी कित्येकांना मुंबई बंदरात उतरवीत असे. त्यांपैकी पुष्कळ मुले नाशिकला आली आणि गोदाकाठी लहानाची मोठी झाली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात नाशिकचे काही तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली. पुढे तो त्या पार्थिवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाला हजर राहिला. प्राइस स्वतः 1874 मध्ये पूर्व आफ्रिकेत गेला आणि मोंबासाजवळ मुक्त गुलामांची फ्रियरटाउन ही वसाहत वसली. नाशिकचे अनेक आफ्रिकन तेथे परतले. त्यांच्यातील विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली.

हा तपशील आम्ही केवळ कुतूहल म्हणून देत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्रात पापाला गुलामगिरीची उपमा दिलेली आहे आणि ख्रिस्ताच्या मरणाला गुलाम सोडविण्यासाठी दिलेल्या किमतीची. नाशिकच्या ब्राह्मण श्रोत्याला ही उपमा परकी वाटली असेल. त्याच्या परिचयाचे पाप मळासारखे होते, बेडीसारखे नव्हते. पण शरणपूरच्या प्रार्थनामंदिरात त्याच वचनाला बसलेल्या एखाद्या आफ्रिकन मुलाला त्यात उपमा दिसण्याचे कारणच नव्हते. त्याला खरोखरच कोणी तरी पकडले होते, विकले होते, आणि दुसऱ्या कोणी तरी सोडविले होते. एकच वाक्य एकाच भिंतीआड दोन माणसांना इतके भिन्न ऐकू यावे, असा योग मराठी मुलुखात दुसरीकडे कोठे आला असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता भाषेकडे वळू. मराठी बायबलच्या भाषांतरकारांपुढे मोठे संकट होते. एकही शब्द रिकामा नव्हता, प्रत्येकात आधीच कोणी तरी राहत होते. ‘प्रायश्चित्त’ घ्यावे तर त्यात पंचगव्य, दक्षिणा आणि धर्मसभेचा निर्णय आला. ‘मुक्ती’ घ्यावी तर जन्ममरणाचा फेरा आला. सुटकेच्या किमतीसाठी ‘खंडणी’ हा शब्द आला, आणि खंडणी म्हणताच मराठी कानाला पेशवाईतली घोडी आणि लुटलेली गावे आठवणार. ‘तारण’ हा शब्द मात्र भाग्याने सापडला. तो नदी तरून जाण्याच्या ‘तारणे’पासून आलेला, संतवाणीच्या परिचयाचा, आणि त्याच वेळी सावकाराकडे ठेवलेल्या गहाणालाही आपण तारणच म्हणतो. कोणी तरी आपल्यासाठी स्वतःला गहाण टाकले, ही कल्पना त्या शब्दात आयतीच बसली होती. भाषांतरकारांनी हे जाणून केले असे आमचे म्हणणे नाही. भाषा कधी कधी आपल्या लेखकांपेक्षा अधिक जाणती असते, इतकेच.

युरोपातही या विजयाचे स्वरूप एकमुखाने सांगितले गेले नव्हते. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने पापाला ऋण मानले : देवाचे देणे इतके मोठे की माणसाला ते फेडता येत नाही, म्हणून देवानेच माणूस होऊन ते फेडले. त्याच्यानंतरच्या पिढीतील अबेलार्डला हा हिशेब अपुरा वाटला. क्रुसावरचे प्रेम पाहून माणसाचे मन विरघळते आणि तेच त्याचे तारण, असा त्याचा रोख होता. त्यांच्याही पूर्वीची धारणा आणखी निराळी होती. ख्रिस्ताने मरण पत्करून पाप, मृत्यू आणि सैतान यांच्याशी झुंज दिली आणि तो जिंकला, अशी. स्वीडनच्या गुस्ताफ आउलेनने 1930 मध्ये या जुन्या विचाराला पुन्हा उजाळा दिला. हिशेब, हृदयपरिवर्तन आणि युद्ध अशा या तीन भाषा आहेत. मराठी माणसाला पहिली भाषा सर्वांत जवळची वाटावी, कारण देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच तो जन्माला येतो. आणि नेमका त्याच ठिकाणी काटा होता.

तो काटा म्हणजे पितर. धर्मांतर केलेल्या हिंदूचे घर सुटे, वतन सुटे, पंक्ती सुटे. या सगळ्याचा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. पण त्याच्या हातून श्राद्धही सुटे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. रामकुंडावर वडिलांच्या आणि आजोबांच्या नावाने ज्याने पाणी सोडले आहे अशा माणसाला नवा धर्म सांगे की तारण ख्रिस्तावरील विश्वासानेच आहे. मग ज्यांनी ते नावच ऐकले नाही, त्यांचे काय? माझी आजी कोठे आहे? प्रेमाने पापावर विजय मिळविला असेल, तर तो विजय इसवी सनाच्या अठराशेव्या वर्षी निवर्तलेल्या त्रिंबकच्या एका विधवेपर्यंत पोचतो की नाही? हा प्रश्न वितंडवादाचा नव्हता. नव्या ख्रिस्ती माणसाच्या पितृपंधरवड्यातला तो प्रश्न होता.

याचे एक कठोर उत्तर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी दिले. 1825 मध्ये झाशीजवळ जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित 1848 मध्ये जौनपूर येथे ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ त्यांच्या तर्कसामर्थ्याची साक्ष देतो. 1868 मध्ये त्यांनी अनंतकालिक शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तर देणारी एक पुस्तिका कलकत्त्यात प्रसिद्ध केली. ब्राह्मसमाजाचे लोक म्हणत, जो देव प्रेमळ आहे तो अनंत शिक्षा देणार नाही. गोऱ्हे तर्काने उत्तर देत : पाप किती भयंकर आहे याची तुम्हांला कल्पना नाही, आणि देव कसा असावा हे आपल्या आवडीने ठरविणे म्हणजे श्रद्धा नव्हे. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेणे अशक्य आहे. आयुष्यभर शंकांनी पोळलेला, वैराग्याने राहिलेला हा पुरुष दुसऱ्यांना जे सांगत होता ते स्वतःला सुखावणारे म्हणून खचितच सांगत नव्हता. 1895 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

दुसरे उत्तर इंग्लंडमधून आले, पण त्याचे एक मूळ नाशिककडे जाते. नाशिक ठाण्याच्या आरंभीच्या मिशनऱ्यांत चार्ल्स पिनहॉर्न फॅरार हे होते. त्यांचा मुलगा फ्रेडरिक विल्यम फॅरार 1831 मध्ये मुंबईत जन्मला आणि लहानपणीच विलायतेला रवाना झाला. पुढे त्याने 1877 च्या अखेरीस वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत जी प्रवचने दिली, ती दुसऱ्या वर्षी ‘इटर्नल होप’ या नावाने छापली गेली आणि इंग्लंडभर वादळ उठले. ज्या ग्रीक शब्दाला मराठी बायबल ‘सार्वकालिक’ म्हणते, त्याचा अर्थ ‘कधीही न संपणारी’ असाच घेण्याचे कारण नाही आणि मरणाबरोबर देवाच्या करुणेचे दार बंद होते असे शास्त्र म्हणत नाही, असा त्याचा प्रतिपाद्य विषय होता. पुसीसारख्या विद्वानाने 1880 मध्ये त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले. ज्या बापाने गोदाकाठी सुवार्ता सांगितली, त्याच्या मुलाने त्या सुवार्तेची कड रुंद केली. यात कार्यकारणाचा धागा ओढून आणण्याचा आमचा आग्रह नाही, पण हा योगायोग नोंदविल्याशिवाय राहवत नाही.

तिसरी नोंद नगरची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम हे 1847 मध्ये मुंबईतच जन्मलेले आणि 1874 पासून अहमदनगरला काम करणारे. 1886 मध्ये ते रजेवर मायदेशी असता एका वादात सापडले. ज्यांना या जन्मी ख्रिस्ताचे नाव ऐकण्याची संधीच मिळाली नाही, त्यांना मरणोत्तर ती मिळू शकेल असे मानण्यास वाव आहे, या मताला त्यांनी सहानुभूती दर्शविली. संस्थाचालकांनी त्यांना हिंदुस्थानात परत पाठविण्यास अडवून धरले; पुष्कळ चर्चेनंतर ते परतले. अमेरिकेतल्या सभागृहात हा वाद तत्त्वाचा असेल, पण नगरच्या मंडळीत तो कोणाच्या तरी आईबापांचा होता. ख्रिस्ती परंपरेपाशी या प्रश्नासाठी एक जुने चित्रही होते. पूर्वेकडील चर्चच्या चित्रांत पुनरुत्थानाचा ख्रिस्त अधोलोकाची दारे पायाखाली तुडवून आदाम आणि हव्वा यांना हाताला धरून थडग्यातून बाहेर ओढताना दाखवितात. पितरांपर्यंत पोचणारा तो हात आहे. पिंड देणारा वंशजाचा हात आणि हा हात यांतली ओढ एकाच जातीची आहे, असे म्हटल्यास दोन्ही पक्षांनी रागावू नये.

मात्र या सर्व वादात एक गोष्ट उरतेच. तर्काने कोणी पाप जिंकीत नाही आणि तर्काने कोणी प्रेमही ओळखीत नाही. गोऱ्हे यांच्या लेखनाचे ऋण मान्य करणाऱ्या पंडिता रमाबाईंची साक्ष येथे मोलाची आहे. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींनी चालविलेला पतित स्त्रियांचा आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने टाकलेल्या बायकांना इतक्या मायेने का वागवितात, असे विचारता त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकावयास मिळाली. स्त्रीला पापाची खाण मानणाऱ्या वचनांत ज्या पंडितेचे बालपण गेले, तिला त्या गोष्टीने जे सांगितले ते सहा दर्शनांनी सांगितले नव्हते. तरीही आपल्या पापांची क्षमा झाल्याची खूण पटावयास आपल्याला पुढे 1891 साल उजाडावे लागले, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. विजयाची द्वाही फिरणे निराळे आणि तो विजय आपल्या घरापर्यंत येणे निराळे.

आता ज्या घराशिवाय हा लेख लिहिणे व्यर्थ ठरेल, त्या घराकडे येतो. नारायण वामन टिळक 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी जन्मले. आई गेल्यावर पोरवयात ते घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरची, माहेरची गोखल्यांची मनू, जन्म 1868 चा. मनूच्या आजोबांना 1857 च्या धामधुमीत त्र्यंबकेश्वरी फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. बाजारातून आणलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांस सांगावयास नको. आम्हांला ते प्रकरण विनोदी वाटते, आणि लक्ष्मीबाईंनी ते विनोदानेच लिहिले आहे. परंतु नीट पाहू गेल्यास ती एका भयभीत माणसाची कथा आहे. जगात कोठे तरी एक भयंकर गोष्ट घडली, ती आपल्याला चिकटेल, म्हणून दिसेल ते धुवावे. गौतमाच्या गोहत्येपासून निघालेला प्रवाह जलालपुराच्या त्या माजघरात येऊन असा थिजला होता.

टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पर्वतावरील प्रवचनापाशी ते येऊन थांबले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्हे तर्काच्या घाटाने उतरले, टिळक भक्तीच्या. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे त्यांचे सांगणे प्रसिद्धच आहे. या पुलाचा अर्थ आम्ही असा लावतो : वारकरी परंपरेने पाप धुण्याची भाषा केव्हाच मागे टाकली होती. पतितपावन विठ्ठलाला तीर्थाची मध्यस्थी लागत नाही. अजामिळाने मुलाला हाक मारताना चुकून घेतलेले नारायणाचे नाव त्याला पुरले, ही भागवतातील कथा हेच सांगते. मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लाने काही करावयाचे नसते. कृपेसाठी योजलेला हा दक्षिणेतील वैष्णवांचा दृष्टांत एखाद्या युरोपीय सुधारकालाही मानवला असता. तेव्हा टिळकांना ईश्वरी प्रेम नवे नव्हते. नवे काय होते, तर त्या प्रेमाने सोसलेली जखम. देव भक्ताला तारतो हे तुकोबांनी शिकविले होते. तारताना देवाला काय लागते, हा प्रश्न त्यांना क्रुसापाशी भेटला. म्हणूनच त्यांच्या ख्रिस्तगीतांत ख्रिस्त न्यायाधीशापेक्षा आई अधिक आहे.

पण ही आई टिळकांच्या घरात कोणाला दिसली? बाप्तिस्म्याची वार्ता कळली तेव्हा लक्ष्मीबाईंचा मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, लहान होता. नवरा जिवंत असून परका झाला. आप्तांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, त्यांनी दिवस काढले. टिळकांच्या मुक्तीची किंमत टिळकांनी दिली असेल, पण तिचा मोठा हप्ता लक्ष्मीबाईंच्या पदरात पडला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी हळुवारपणे मांडली तरी लपण्याजोगी नाही. पापावर प्रेमाने विजय मिळविणाऱ्या देवाचा भक्त आपल्या बायकोला न सांगता तिचे जग मोडतो, यातली विसंगती आम्ही झाकू इच्छीत नाही. मात्र तिच्या पुढचे पानही वाचले पाहिजे. टिळकांनी पत्नीच्या धर्मावर जबरदस्ती केली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत येऊन.

हे पायी चालणे कसे झाले, याचा त्यांनीच दिलेला वृत्तांत आमच्या मते मराठी धर्मवाङ्मयातील एक अव्वल प्रकरण आहे. त्यांना पापाचा साक्षात्कार आधी झाला नाही. आधी गेली ती शिवाशीव. जाती देवाने केल्या की माणसाने, असा साधा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. उत्तर मिळाल्याबरोबर त्यांनी मनाशी ठरविले की आता कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ. जिन्नस धुणाऱ्या बापाची लेक कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास तयार झाली. कोणत्याही धर्मशास्त्रज्ञाने पापविजयाची याहून नेमकी व्याख्या केलेली आम्हांस ठाऊक नाही. जलालपुरातले पाप म्हणजे दुसऱ्या माणसाच्या स्पर्शाचे भय होते. प्रेम त्या भयाशी वाद घालीत बसले नाही, त्याने नुसते भांडे पुढे केले. नंतरच्या आयुष्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा, टाकून दिलेल्या पोरांना पोटाशी धरणे, बालकवी ठोमऱ्यांसारख्या हिंदूच राहिलेल्या मुलाला घरचा मुलगा मानणे, हे सारे त्या एका घोटापासून ओळीने येते.

टिळकही तेथे थांबले नाहीत. बाप्तिस्मा म्हणजे शेवटची हद्द, हे त्यांना शेवटी पटेना. 1917 मध्ये मिशनचे बंधन सोडून साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त बसावेत अशी त्यांची योजना होती. गोऱ्हे, फॅरार आणि ह्यूम ज्या प्रश्नाशी झगडले त्यालाच हे दिलेले उत्तर होते, फक्त मेलेल्यांऐवजी जिवंतांच्या बाबतीत. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला आणि दरबार मागे अपुरा राहिला. तसेच ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्यही अपुरे राहिले. दहा-अकरा अध्याय टिळकांचे झाले होते; पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला या ख्रिस्ताने एके काळी नवऱ्यावाचून ठेविले, तिनेच त्याचे चरित्र पुरे केले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला त्या निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागे 1938 मध्ये प्रसिद्ध झाले.

विजयाच्या या कथेला एक पुरवणी जोडणे प्रामाणिकपणाचे ठरेल. 2 मार्च 1930 रोजी त्याच नाशकात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. रामकुंडाचे पाणी सर्वांची पापे धुते, पण ते ज्यांना शिवू द्यावयाचे नाही अशीही माणसे आहेत, ही गोष्ट त्या दिवसांत जगजाहीर झाली. 13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले. आणि शेवटी 1956 मध्ये त्यांनी जो मार्ग धरला तो शरणपूरचा नव्हता, बुद्धाचा होता. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु मंडळीच्या आतही जात टिकून आहे, ही त्यांची टीका ख्रिस्ती वाचकाने आपल्या पापविजयाच्या हिशेबात धरली पाहिजे. लक्ष्मीबाई एका घोटात जी पायरी चढल्या, ती सबंध समाज अजून चढलेला नाही, मंदिरातला नाही आणि चर्चमधलाही नाही.

मग प्रेमाचा पापावरील विजय म्हणजे काय? या शहरातील इतिहास वाचून आम्हांस जे वाटते ते असे. हा विजय किल्ल्यावर निशाण लावल्यासारखा एकदाच होऊन जाणारा नाही. गोऱ्हे यांना तो शंकेच्या रात्रीतून दिसला, रमाबाईंना वर्षांच्या अंतराने दोन हप्त्यांत मिळाला, शरणपूरच्या आफ्रिकन मुलांना शब्द शिकण्यापूर्वी अनुभवास आला, आणि लक्ष्मीबाईंकडे तो इतक्या साध्या वेषात आला की त्याला धर्मशास्त्र म्हणण्याचे त्यांना स्वतःलाही सुचले नाही. पितरांचा प्रश्न अजून तेथेच आहे. पण जे प्रेम परक्या पोराला आपले म्हणते, ते आपल्या मेलेल्या आजीला विसरेल असे मानणे आम्हांस जड जाते. फॅरारच्या शब्दार्थचर्चेपेक्षा आणि गोऱ्हे यांच्या तर्कापेक्षा आमच्या मनाला ‘स्मृतिचित्रे’तील तो प्रसंग अधिक पटतो, हे आम्ही मान्य करतो. तो पुरावा नाही. पण अशा प्रश्नांत पुरावा कोणापाशी असतो?

पुढल्या वेळी नाशिकला गेलात तर रामकुंडावरून शरणपूर रोडला जा. वाटेत गर्दी असेल, सिग्नल लागतील, रिक्षावाला थोडे अधिक पैसे मागेल. जलालपूरच्या मनूला हे अंतर कापावयास तीस वर्षे लागली होती.